भेकरीची न धरलेली धाव

फार पूर्वी सात जंगलांची शर्यत भरायची. नाव नोंदवायला आलेल्या भेकरीने पंच तरसाला विचारलं, "दादा, पात्र कसं ठरतात?"

"मान्यताप्राप्त मैदानावर धावून."

"काल मी वाघाला मागे टाकून नदी गाठली!"

"ते मैदान नव्हतं. धरत नाही."

"मग मैदानावर धावू द्या."

"तिथे फक्त पात्र ठरलेलेच धावतात."

"अहो, मग पात्र ठरायचं तरी कुठे?" भेकरी ओरडली.

तेवढ्यात वाघ आला. "खरं सांगतेय ती. मला सापडली नाही, कालपासून उपाशी आहे मी."

तरस ताडकन उभा राहिला. "महाराज, आपल्या जंगलातर्फे तुम्हीच धावा. तुम्हाला थेट प्रवेश!"

"माझ्याकडून हरलेला पात्र कसा?" भेकरीने विचारलं.

"हळू बोल," तरस कुजबुजला, "भुकेले आहेत ते."