कासवाचं अनुमोदन

तळ्याकाठची जनावरं सभा भरवून कारभार करीत, त्या काळातली ही गोष्ट. ठराव कुणीही मांडो, दुसऱ्या कुणीतरी "अनुमोदन" म्हटल्याशिवाय तो मंजूर होत नसे. हे म्हणायचं काम होता होता कासवाकडे आलं होतं. एरवी त्याच्याशी कुणी बोलत नसे; पण ठराव मांडून झाला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळत. तेवढ्यासाठी ते सभेला येई.

एका उन्हाळ्यात तळं आटलं आणि काठाला थोडासा चिखल उरला. तेव्हा कासवाने पहिल्यांदाच स्वतःचा ठराव मांडला, "पाऊस येईपर्यंत मला या चिखलात गाडून घ्यायचंय, नाहीतर उन्हाने वाळून जाईन. तेवढा तो कुणी तुडवू नये."

"अनुमोदन कोण देतंय?" अध्यक्ष बगळ्याने विचारलं.

हरकत कुणाचीच नव्हती. सवयीने सगळे कासवाकडेच पाहत राहिले.

"माझंच धरा," कासव हळूच म्हणालं.

"स्वतःच्या ठरावाला स्वतःचं चालत नाही, कासवबुवा," बगळा म्हणाला. "ठराव बारगळला. पुढचा विषय घ्या."

म्हैस उठली. "उरलेला चिखल आम्हाला लोळायला मिळावा."

पुन्हा सगळ्या माना वळल्या. इतके डोळे, आणि सगळे त्याच्याकडे लागलेले. कासवाने मान बाहेर काढली.

"अनुमोदन," ते म्हणालं.

"मंजूर," बगळा म्हणाला, आणि सगळ्या माना म्हशीकडे वळल्या.