दुधात विष कुणी घातलं?

आमच्या गावात एक भोळी बाई राहते. वय सेहेचाळीस, नाव सुमती. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज चुकला. ती बाई मीच.

मी एक मालिका बघायचे. त्यात सासूच्या दुधात कुणीतरी विष घालतं. कोण, ते शेवटच्या भागात कळणार होतं. नेमका तोच भाग पैसे भरणाऱ्यांसाठी. मी लेकीच्या लॅपटॉपवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'फुकट बघा. आधी ही फाईल डाऊनलोड करा.' केली. परवानगी मागितली. दिली. तीनदा मागितली, तीनदा दिली. एवढं अदबीनं विचारतायत, नाही कसं म्हणायचं?

मालिका आली नाही. टक्कल घालवायच्या जाहिराती आल्या, त्या जाईनात.

माझी लेक केतकी कपाळाला हात लावून बसली. तिचा वर्षभराचा प्रोजेक्ट त्या लॅपटॉपमध्ये, सोमवारी कॉलेजात द्यायचा.

"आई, फुकट दिसलं की हात लावायचा नाही! आत काय दडलंय, कळतं का?"

"नाही लावणार," म्हटलं.

संध्याकाळी शैलावहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. त्यांनी साबणाची डबी पुढे केली.

"केवढ्याला?"

"अगं, वाण आहे!"

"म्हणजे फुकट? मग नको. आत काय दडलंय?"

"साबणसुद्धा नाही गं, बये!"

बारा बायका तिळगूळ चावायच्या थांबल्या. वहिनींनी बोलणं टाकलं.

केतकी म्हणाली, "अगं, ओळखीच्या माणसाकडून घ्यायचं! अनोळखी असेल तर दूर राहायचं."

"बरं."

शनिवारी एकजण दारात आला. "काकू, लॅपटॉप दुरुस्त करायचाय ना?"

"मी तुला ओळखते?"

"नाही."

मी दार लावून घेतलं. कडीही घातली.

केतकी किंचाळलीच. "आई, मीच बोलावलं होतं त्याला! मदतीला आलेल्याला अडवायचं नाही. मागेल ते द्यायचं!"

रविवारी तो पुन्हा आला. मी लॅपटॉप दिला, चहा दिला, मागितला नव्हता तरी शिराही दिला. त्यानं सगळं साफ केलं. प्रोजेक्ट शाबूत. त्याची एक प्रत पेनड्राईव्हवर घेतली आणि पेनड्राईव्ह तिथेच लावून ठेवला. केतकीनं मला चक्क मिठी मारली आणि न्हायला गेली.

तेवढ्यात शैलावहिनींचा मेसेज. 'राग सोडला गं. घे तुझा शेवटचा भाग. मलाही कुणीतरी पाठवलाय. फाईल लॅपटॉपवर उघड.'

ओळखीचं माणूस. मदतीला आलेलं. उघडली. परवानगी मागितली. मागेल ते द्यायचं. दिली.

पडदा काळा झाला. वर लाल अक्षरं: 'तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे.' पेनड्राईव्हलाही लागलं.

केतकी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. लाल अक्षरं दोनदा वाचली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "एवढं करून विष कुणी घातलं, ते कळलंच नाही गं."

ती म्हणाली, "तूच घातलंस, आई."