नसलेल्या डोंगराचा दाब

एकदा काय झालं, डोंगर फोडून केलेल्या एका जुन्या खाणीत पाणी साचू लागलं. ते दरीकडे सोडण्यासाठी तळाखालून भुयार खोदायचं ठरलं. काम रायाजी नावाच्या तरुण पाथरवटाचं होतं आणि पहिला आत शिरणार होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ, सोमा.

खोदकाम म्हणाल तर रायाजीने आजवर मातीतल्या विहिरीच खोदल्या होत्या. तो आपल्या वृद्ध गुरूंना, यल्लप्पाबाबांना म्हणाला, "वर जेमतेम दोन पुरुष उंचीचा दगड उरलाय, बाबा. वजन ते कितीसं? चार खांब दिले की झालं!"

बाबांनी खाणीच्या तळाच्या दगडात हातभर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या. त्यांच्यामध्ये एक सळई सहज बसत होती. ती काढून घेऊन ते म्हणाले, "आता मधोमध खोल चर मार."

रायाजी मनातून वैतागला. म्हातारपणी माणसाला काय सुचेल, सांगता येत नाही! पण दिवसभर छिन्नी चालवून त्याने चर मारला. संध्याकाळी सळई पुन्हा बसवू गेला, तर छे! ती दोन खुंट्यांमध्ये जाईचना.

"खुंट्या जवळ कशा आल्या?" तो चरकून म्हणाला.

"पाणी सगळीकडे सारखंच दाबतं," बाबा म्हणाले. "माती खाली दाबते त्याच्या निम्म्यानेच बाजूला रेलते. तू दगडालाही माती समजलास. अरे, इथे केवढा डोंगर होता! वर करवंदाच्या जाळ्या होत्या, पहाटे मोर ओरडायचे. त्या भाराखाली हा दगड आडवा पसरू पाहत होता, पण शेजारचा दगड जागा देईना. तो दोन्हीकडून आवळला गेला. आम्ही वरचा डोंगर उतरवला, पण ती आवळ सुटली नाही. आधी भुयाराच्या दोन्ही अंगांना चर मार, दगडाला सैल होऊ दे. तोवर सोमाला आत धाडू नकोस."

रायाजीने मुकाट्याने चर मारायला घेतले. चर अजून पुरे व्हायचे होते, तोच आठव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले असताना कानठळ्या बसवणारा आवाज झाला. नेमक्या भुयाराच्या वाटेवरचा दगड फुटून हातभर उचलला गेला होता.

रायाजीने धावत जाऊन सोमाला घट्ट मिठी मारली.

"अरे, घास तरी गिळू दे की!" सोमा हसत म्हणाला.

सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत.

"पन्नास वर्षांपूर्वी हे आम्हाला कुणी सांगितलं असतं," ते हळूच म्हणाले, "तर आज माझाही भाऊ जेवायला असता."

इतक्या वर्षांत त्यांनी या भावाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. रायाजी थोडा सरकला, सोमाच्या आणि आपल्या मधे जागा केली, आणि म्हणाला, "बाबा, इथे बसा. आमच्याबरोबर दोन घास खा."