एका छपराखाली

"भन्ते, मी खटला जिंकलो की हरलो?"

वकील यशोधन कडलग विहाराच्या ओट्यावर बसला होता. लहानपणी याच ओट्यावर भन्ते शीलरत्नांनी त्याला नीट प्रश्न विचारायला शिकवलं होतं.

म्हातारे भन्ते चीवर वाळत घालत होते.

गावच्या शाळेत पारध्यांच्या मुलांना कित्येक वर्षं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळं बसवत. यशोधननं त्यांच्या बाजूनं खटला लढवला. सगळी मुलं एकाच वर्गात बसतील, असा निकाल उच्च न्यायालयानं दिला. पेपरात यशोधनचा फोटो आला.

सोमवारी पारध्यांची मुलं डोक्याला तेल लावून वर्गात आली.

महिनाभरात गावानं आपापल्या मुलांचे दाखले काढले. तालुक्याच्या खाजगी शाळेची गाडी गावात येऊ लागली. वर्गात उरली ती फक्त पारध्यांची मुलं.

आता गावाविरुद्ध पुन्हा कोर्टात जातो, असं यशोधन सांगत होता. भन्तेंनी आशीर्वाद द्यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

"तुझी मुलगी कुठं शिकते?" भन्तेंनी विचारलं.

"तिचं काय, भन्ते?"

"कुठं शिकते?"

"ती आधीपासूनच तालुक्याला जाते, भन्ते. निकालाचा आणि तिचा..."



भन्तेंनी ओल्या चीवरावरून हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि ते आत निघून गेले.

बऱ्याच वेळानं यशोधन उठला.

घरी रडारड झाली. थोरल्या भावानं बोलणं टाकलं. तरीही जूनमध्ये यशोधननं मुलीचं नाव गावच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी तो स्वतः तिला वर्गात घेऊन गेला आणि झुंबर काळे या पारध्यांच्या मुलीशेजारी त्यानं तिला बसवलं.

झुंबरनं बाकावरचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि सरकून तिला जागा करून दिली. यशोधनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो आपल्या मुलीचे डोळे पुसत होता.

शाळेतून तो थेट विहारात आला. मान ताठ होती.

"भन्ते, पोटच्या पोरीला मी त्यांच्यात बसवलं."

भन्तेंनी हातातल्या चीवराची घडी घातली.

"त्यांनी बसू दिलं?"