येसाबाईच्या सात खेपा

"…पण मग मडक्यातलं मीठ संपत कसं नाही, बुवा?"

माणिकगीर बुवांनी पळसाच्या पानावर दुसरं पान ठेवलं, बांबूची बारीक काडी खुपसली, मोडली. पत्रावळ फिरवली.

"गणित करून आणलंय मी," चारुता म्हणाली.

तिनं पर्समधून बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढलं. पुढच्या बाजूला गोवर, पोलिओ. मागच्या बाजूला पेन्सिलीनं आकडे.

"मडकं फार तर पाच किलोचं. बाया रोज पंचवीस. मूठ म्हणजे चाळीस ग्रॅम धरली. पाचव्या दिवशी तळ दिसायला हवा. आज एकोणिसावा दिवस आहे."

"आकडे छान काढलेस," बुवा म्हणाले. "वळणदार."

चारुतानं कार्ड मांडीवर ठेवलं. रसायनशास्त्राची पदवी तिनं पहिल्या वर्गात मिळवली होती. मिठाबद्दल तिला बरंच काही माहीत होतं. सध्या ते कुठे मिळतं, तेवढं सोडून.

खडकमाथा हे घाटावरचं गाव. महिन्याभरापूर्वी घाटात दरड कोसळली आणि रस्त्याचा एक तुकडाच दरीत गेला. तशात खाली मिठागरांमध्ये पाणी शिरलेलं, मालाचे ट्रक लांबच्या वळशाच्या रस्त्यावर अडकलेले. गावात आधी पाव येईना. मग बाळांचे डायपर, मग साबण, मग मीठ. वाणी रोज "उद्या येतंय" म्हणायचा. त्याच्या फळीवर आता फक्त वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणि बुटांचं पॉलिश उरलं होतं.

चारुताचा नवरा घाटाखाली अडकला होता. रेंज आली की फोन करायचा. "सगळं आहे ना?" ती म्हणायची, "आहे."

आणि खरोखरच होतं. पहिल्याच दिवशी तिनं मिठाचे तीन पुडे उचलले होते. ट्रंकेत, कुहूच्या दुपट्यांखाली ठेवले होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ द्यायचं नसतं, हे तिला पाठ होतं. कुहू नऊ महिन्यांची. तरी ते पुडे कुहूसाठीच होते… का, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

कुहू आत्ता बुवांच्या पुढ्यात बसून पळसाचं पान चावत होती. चारुतानं ते काढून घेतलं. कुहूनं दुसरं घेतलं.

चार महिन्यांपूर्वी रात्रीच्या जागरणांनी डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा ती या मठात पहिल्यांदा आली होती. मन शांत करायचं शिकवा म्हणाली. बुवांनी तिला पानं पुसायला दिली. अजून तेच चाललं होतं.

"आणि ती येसाबाई!" चारुतानं कार्डावर बोट ठेवलं. "परवा मी मोजल्या. सात खेपा! बाकीच्या बाया दिवसातून एकदा येतात, ही सात वेळा. येते, मूठ घालते, मूठ काढते, पुन्हा रांगेत. हे बघा, सात रेघा."

"दिसतायत."

"करवंदं नि कैऱ्या खारवून विकते ती. म्हणजे मीठ कशाला लागतं ते उघड आहे. रांगेतल्या बाया तोंडावर हावरट म्हणतात तिला. तुम्ही का नाही बोलत?"

"आज आली नाही ती," बुवा म्हणाले. "काल जाताना सांगून गेली. आता यायचं काही कारण उरलं नाही म्हणाली."

"भरलं असेल पोट."

बुवांनी काडी मोडली.

खडकमाथ्यात मीठ कुणाच्या हातात देत नाहीत. दिलं तर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं भांडण होतं म्हणतात. म्हणून मठात कुणीतरी कधीकाळी एक मडकं ठेवलेलं. समाधीमागच्या अंधाऱ्या कोनाड्यात, गळ्यापर्यंत मातीत रोवलेलं. तोंड इतकं अरुंद, की एकच मूठ आत जावी. जाताना मूठ झाकलेली, येताना मूठ झाकलेली. कुणी घातलं, कुणी घेतलं, विचारायचं नाही. एरवी त्याकडे कुणी फिरकत नसे. आता सकाळपासून रांग.

"तू घातलीस का कधी मूठ?" बुवांनी विचारलं.

"मला… गरज नाही पडली."

"असं होय."

बुवा एवढंच म्हणाले. चारुताचे कान मात्र तापले.

कारण सकाळीच इंदूबाईनं विचारलं होतं. इंदूबाई कुहूला अंघोळ घालायला येते. ती घालते आणि चारुता शेजारी उभी राहून बघते, पाणी कानात जाईल म्हणून. आज कुहूला पुसता पुसता इंदूबाई म्हणाली, "ताई, चिमूटभर मीठ आसंल का? नातवाला रात्रीपास्नं जुलाब हाईत. डॉक्टरीणबाईंकडची पाकिटं संपली. मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणाल्या. साखर हाय जराशी…"

आणि चारुता म्हणाली होती, "संपलं हो, इंदूबाई."

ट्रंक तिथेच होती. इंदूबाईनं तीच उघडून दुपटं काढलं होतं. वरचं.

"डोक्यानं कळत नसलं तर हातानं बघ," बुवा म्हणाले. "जा. रांगेत उभी राहा."

"पण मला घ्यायचं नाहीये."

"घे कोण म्हणतंय?"

चारुता कुहूला कडेवर घेऊन रांगेत उभी राहिली. पुढे पाचसहा बाया, आणि तिच्या अगदी पुढे, पाठमोरी, इंदूबाई.

इंदूबाईनं वळून पाहिलं आणि कुहूचा गाल ओढला. "आलीस व्हय गं चिमणे, मीठ न्यायला?"

चारुताला हसताही येईना.

"कसा आहे नातू?"

"पडून हाय. डोळं आत गेल्यात. हितनं मूठभर न्हेलं की पाजीन."

रांग सरकली. इंदूबाई कोनाड्यात वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. मग मूठ घट्ट झाकून, पदराखाली घेऊन बाहेर आली.

"हाय गं अजून," ती चारुताला म्हणाली. "जा."

चारुतानं कुहूला डाव्या कडेवर सरकवलं आणि उजवा हात मडक्यात घातला. मनगटापर्यंत गेला, काहीच लागेना. कोपरापर्यंत गेला. बोटांना तळ लागला. गार, खरखरीत, किंचित ओलसर. तिनं तळ चाचपला. कडेकडेनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

एक खडा नव्हता.

म्हणजे इंदूबाईची मूठ…

आणि तिच्या आधीच्या बाईची?

मागून कुणीतरी खाकरलं. चारुतानं हात बाहेर काढला. काढता काढता तिचं तिलाच कळलं नाही, पण मूठ आपोआप झाकली गेली.

मागे शेवंता उभी होती, पोस्टमनची बायको. "हाय का ओ ताई?"

"आहे," चारुता म्हणाली.

आजचं दुसरं खोटं. सकाळचं घशात अडकलं होतं, हे अडकलं नाही. नवलच वाटलं तिला.

ती बुवांपाशी आली. मूठ अजून झाकलेली.

"रिकामं आहे," ती हळूच म्हणाली.

"असं?"

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"येसाबाई आली नाही म्हटल्यावर वाटलंच होतं."

बुवांच्या हातातलं पान वळलं, काडी आत गेली, मोडली.

"मग त्या सगळ्या 'आहे' कशाला म्हणतात?"

"तू कशाला म्हणालीस?"

"मी… मागे शेवंता होती. तिचा चेहरा असा…"

कोनाड्याकडून शेवंताचा आवाज आला. आपल्या मागचीला सांगत होती, "हाय, हाय. जा तू."

चारुता उठली. कुहूला तिनं बुवांच्या पुढ्यात पानांच्या ढिगाशेजारी बसवलं. नऊ महिन्यांत तिनं ते बाळ नजरेआड केलं नव्हतं. न्हाणीला जातानासुद्धा दार उघडं ठेवायची.

"बघाल हिच्याकडे? पान तोंडात घालते ती. आणि काडी… काड्या लांब ठेवा."

"काड्या घेतल्या मांडीखाली," बुवा म्हणाले. "जा."

ती गेली ती पळतच. इंदूबाई मठाच्या पायरीवर बसली होती, मूठ पदराखाली. रिकाम्या हातानं घरी जायचं जिवावर आलेलं. "बसा, जाऊ नका," चारुता जाता जाता म्हणाली.

परत आली तेव्हा खांद्याला कुहूची दुपट्यांची पिशवी होती, ती जड झालेली. धाप लागलेली. तिनं थेट पायरीवर जाऊन एक पुडा काढला आणि इंदूबाईपुढे धरला.

इंदूबाईनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हातात नगं, ताई! भांडण लागंल आपलं."

"अहो, असं काही नसतं…"

"आसूद्या. मला तुमच्याशी भांडायचं न्हाई."

चारुताचा हात तसाच राहिला. आतून बुवांनी हाक मारली. "ए पोरी! पिशवी इथं ठेव माझ्यापाशी. मडक्यात मूठच जाते."

"एवढं मूठमूठ? किती वेळ लागेल!"

"तुझ्याकडे कार्ड आहे. गणित कर."

चारुतानं बुवांच्या पाठीमागे पुडा फोडला, मूठ भरली, पदर नव्हता म्हणून ओढणीखाली घेतली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पाळी आल्यावर कोनाड्यात वाकली. मीठ तळावर पडलं, त्याचा बारीक आवाज झाला. रिकामी मूठ झाकून ती बाहेर आली आणि पायरीवर गेली.

"इंदूबाई, पुन्हा एकदा जा."

"गेले की मघाशी."

"जा ना… माझ्यासाठी."

इंदूबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठली, रांगेत लागली, आत वाकली. या वेळी लवकर बाहेर आली. मूठ तशीच घट्ट, चेहराही तोच. मनगटाला मात्र दोन खडे चिकटलेले.

"हाय गं अजून," ती म्हणाली. अगदी मघासारखंच.

"इंदूबाई, सकाळी मी संपलं म्हणाले, ते…"

"त्या टायमाला संपलं आसंल," इंदूबाई म्हणाली आणि घराकडे चालायला लागली. झपाझप.

चारुता पुन्हा बुवांच्या पाठीमागे गेली. मूठ भरली. रांगेत उभी राहिली.

तिसऱ्या खेपेला बाया तिच्याकडे बघायला लागल्या.

चौथ्या खेपेला शेवंता मोठ्यानं म्हणाली, "आता गं बया! परत?"

पाचव्या खेपेला कुणी म्हणालं, "शिकलेल्यांची भूक मोठी."

"घोडं पाळलंय जणू घरात."

"ती येसाबाई परवडली. तिचं निदान लोणचं तरी खायला मिळतं."

सगळ्या हसल्या. चारुताला सांगावंसं वाटलं. जिभेच्या टोकावर आलं होतं. नुसती मूठ उघडून दाखवली असती तरी पुरलं असतं… पण मूठ उघडली असती तर बाकीच्यांच्याही मुठी उघडाव्या लागल्या असत्या. मघाशी शेवंतानं काय नेलं होतं, तेही.

तिनं ओढणी सारखी केली आणि पुढे सरकली.

आठव्या खेपेला रांगेतली एक म्हातारी नुसतीच तिच्याकडे बघून मान हलवत राहिली. ते शब्दांपेक्षा जास्त लागलं. चारुतानं मनात म्हटलं, बाळासाठी साठवताना मी चांगली आई होते. वाटून देतेय तर हावरट झाले. मग तिचं तिलाच हसू आलं आणि ते बघून म्हातारी अजूनच जोरात मान हलवायला लागली.

ऊन मठाच्या उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा रांग संपली होती. चारुता बुवांपुढे येऊन बसली. मिठानं हाताची आग होत होती. कुहू पानांच्या ढिगावर झोपली होती, एक मूठ झाकून. चारुतानं हळूच ती उघडून पाहिली. पानाचा चावलेला तुकडा निघाला. तिनं तो काढला नाही. मूठ पुन्हा मिटवली.

पिशवीत अजून दोन पुडे होते, आणि तिसऱ्यातलं अर्धं.

"बुवा…"

"हं."

"येसाबाईकडे असं किती होतं?"

"विचारायचं नसतं."

"सात खेपा रोज. आणि रोज त्यांचं ऐकून घ्यायचं…" ती थांबली. "माझंसुद्धा."

बुवांनी शेवटची पत्रावळ गठ्ठ्यावर ठेवली. गुडघे झाडले.

"ते कार्ड काढ."

चारुतानं काढलं. मागची बाजू वर केली. चाळीस ग्रॅम. पंचवीस बाया. येसाबाई, आणि पुढे सात रेघा.

"पेन्सिल आहे?"

"आहे."

"मग तिच्याखाली लिही. चारुता… अकरा खेपा. आणि त्याच्याखाली जागा सोड."