बाईंचा श्वास

कोल्हापूरच्या मुळीकअण्णांच्या कानाला यंत्रंसुद्धा वचकून असत. त्यांनीच ध्वनिमुद्रण केलेल्या एका जुन्या चित्रपटाची डिस्क निघायची होती, आणि कव्हरवर ‘आवाज जसाच्या तसा’ छापायला त्यांची सही हवी होती. कंपनीचे मालक कारखानीस स्वतः घरी आले.

“सगळी खरखर काढून टाकली, अण्णा. तुमच्या काळात असला आवाज होता कुठं! कुसुमबाईंना आम्ही अमर केलं.”

कुसुमबाई म्हणजे चित्रपटाची नायिका आणि अण्णांची बायको. दम्यानं जाऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. अण्णांनी डोळे मिटून त्यांचा शेवटचा लांबलचक संवाद ऐकला.

“सही करतो. अट एकच. हे पुन्हा लावा, आणि बाई श्वास घेतील तिथंच तुम्ही श्वास घ्यायचा.”

कारखानीसांनी हसत छाती फुगवली. बाई बोलत राहिल्या, मध्येच थांबत राहिल्या, पण श्वास काही ऐकू येईना. मिनिटभरात साहेब लालबुंद होऊन धापा टाकू लागले.

“अमर करायला निघालात, आणि खरखर म्हणून तिचा श्वासच काढून घेतलात!” अण्णांनी पेन परत दिलं. मग हळूच म्हणाले, “फोटो घरात ढीगभर आहेत हो. श्वास तेवढा या चित्रपटात उरला होता.”