नदीभर तराफे

नदीने मधोमध दुभागलेल्या एका जंगलात एक खार आपल्या म्हाताऱ्या सासूबाई आणि लग्नाच्या वयाची लेक यांच्यासह राहत असे. अलीकडच्या काठावर उंच झाडे होती, उबदार ढोली होत्या, पण खायला फारसे काही मिळत नसे. फळे, कंद, दाणे सगळे पलीकडे. आणि तिकडे मुक्काम करण्याजोगा आडोसा नव्हता. म्हणून एक हत्तीण रोज सकाळी सगळ्यांना पाठीवर घेऊन नदी पार करी आणि संध्याकाळी परत आणी. त्याबद्दल जो तो तिला थोडा हिरवा चारा देई. हत्तीण संथ होती. कधी तिला उशीर होई, कधी पाठीवर इतकी दाटी होई की साळिंदराला खेटून बसण्याची पाळी येई. पण मुलांनो, म्हातारे असोत की लंगडे, काठावर मागे कुणी राहत नसे.

मग ओळीने काही वर्षे झाडे फळांनी लगडली आणि घरोघरी साठा झाला. साळिंदराने पलीकडच्या बांबूच्या बेटात तराफे बांधायला घेतले. पहिला तराफा कोल्ह्याने नेला. माकडाने घेतला, कारण कोल्ह्याने घेतला होता. रानडुकराने घेतला, कारण त्याची पिल्ले पुष्कळ आणि हत्तिणीवरचे शेजारी कुरकुरत. सशाने घेतला, कारण गर्दीत त्याचा जीव घाबरा होई. खारीने बरेच दिवस मनावर घेतले नाही. पण एकदा लेकीला बघायला पाहुणे आले आणि त्यांनी मायलेकींना हत्तिणीवरून उतरताना पाहिले. पाहुण्यांनी फळे खाल्ली, गोड बोलले, आणि निघताना तुमचा स्वतःचा तराफा नाही का, एवढेच विचारले. त्यांचा पुन्हा निरोप आला नाही. लेकीने जेवण टाकले. तेव्हा खारीने लग्नासाठी साठवलेले सगळे दाणे साळिंदराला दिले आणि तराफा घरी आणला. सासूबाईंनी त्याला हळद लावली, जास्वंदीचे फूल वाहिले.

हत्तिणीच्या पाठीवर आता एखाद-दुसरा उंदीर उरला आणि चाराही तेवढाच. तराफे लावायला जागा नाही अशी सगळ्यांनी तक्रार केली, तेव्हा जंगलाचा राजा वाघ याने हत्तिणीची नदीत उतरायची वाट मोडून तिथे तराफ्यांसाठी घाट बांधायला सांगितले. हत्तीण खारीच्या झाडाखाली आली. ती रागावलेली नव्हती. तिने विचारले, "मी नकोशी झाले का गं तुला?"

"नाही हो मावशी," खार म्हणाली. "पण लेकीचं लग्न व्हायचंय."

हत्तिणीने मान हलवली. ती जंगल सोडून गेली.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी डोंगराकडून वणवा उतरला. सगळे घाटाकडे धावले. दोन्ही बाजूंना नुसता चिखल होता, नदीत उतरायला जागा ती एकच. प्रत्येकाने आपला तराफा एकाच वेळी पाण्यात लोटला. कोल्हा पुढे होता. त्याला माकडाने बाजूने गाठले, माकडाला रानडुकराने मागून ढकलले, आणि बघता बघता बांबूत बांबू अडकून नदी घाटापासून पार मधल्या धारेपर्यंत तराफ्यांनी भरून गेली. कुणाचाच तराफा पुढे जाईना की मागे येईना. कोल्हा म्हणत होता की मागच्यांनी आधी सरकावे. मागच्यांच्या पाठीला आगीची धग लागत होती. खार मधोमध अडकली होती. पलीकडचा काठ तिला स्पष्ट दिसत होता. आपण पाण्यात आहोत, आता काही होणार नाही, असे ती सासूबाईंना सांगत होती.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर ठिणग्या आल्या. उन्हाने वाळलेला बांबू पेटला. एका तराफ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आग धावली, आणि भर पाण्यात नदी जळू लागली. असे काही होऊ शकते हे कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. मग ज्याला पोहता येत होते त्याने उडी टाकली. रानडुकराने आपल्या पिल्लांबरोबर खारीच्या लेकीलाही पाठीवर घेतले आणि खार त्याच्या शेपटीला लोंबकळली. सासूबाईंना उडी मारता आली नाही. त्या तराफ्यावरच बसून राहिल्या होत्या.

सकाळी पलीकडच्या काठावर उरलेले प्राणी बसले होते. वणवा विझला होता, घरच्या काठावरची निम्मी झाडे वाचली होती, पण तिकडे जायचे कसे, हे कुणालाच कळत नव्हते. वाघाने विचारले की हे कुणामुळे झाले.

खार म्हणाली, "महाराज, मी एकेकाला आठवून पाहिलं. प्रत्येकाचं कारण खरं होतं. माझंही."

तेवढ्यात बांबू तोडल्याचा आवाज आला. साळिंदर कामाला लागले होते, आणि त्याच्या पुढ्यात रांग लागली होती. सर्वांत पुढे कोल्हा उभा होता, त्याची शेपटी होरपळलेली होती. मग खारीने घरच्या काठाकडे पाहिले, लेकीचा हात धरला, आणि सशाच्या मागे जाऊन रांगेत उभी राहिली.

तात्पर्य : सर्वांची सोय एकदा मोडली की ज्याला त्याला आपापली सोय विकत घ्यावीच लागते; आणि ती सगळ्यांनी घेतली की कुणाच्याच कामाची राहत नाही.